महजूबाची भाकर

वस्तरा सटकला तो कॅलेंडरपायी. नाहीतर खमैसचा हात असा सटकणारा नव्हे. अख्ख्या गल्लीच्या मानगुटी त्या हाताखालून गेलेल्या, आणि कुणाला साधा ओरखडा म्हणून नाही. बुऱ्हान खुर्चीत मान टाकून पडला होता. गालाला फेस, आणि फेसातूनही तोंड चालूच; गल्लीच्या सहली, लग्नं, मयती सगळं काढणारा माणूस तो, गप्प बसला तर आजारी पडेल. तेवढ्यात खमैसची म्हातारी आई अर्बिया जेवणाचा डबा घेऊन दुकानात शिरली. रोज शिरते, डबा ठेवते, बाकावर बसून गुडघे चोळते, जाते. त्या दिवशी डबा हातातच राहिला. केसाच्या तेलवाल्यानं सकाळीच एक कॅलेंडर आणून आरशाशेजारी टांगलं होतं. चित्रात रंगीत खड्यांची फरशी, तिच्यावर दोन पाखरं, भोवती गुलाब, आणि लांब मागं उन्हात पडलेला एक दगड. खमैसनं ते नीट बघितलंही नव्हतं. म्हातारी मात्र पाखरांकडं नाही, त्या दगडाकडं बघत होती.

"हा आपला दगड," ती म्हणाली.

"कुठला दगड, उम्मी? डबा ठेव आधी."

"तीन भोकांचा. तुझा बाप गाढव बांधायचा. मधलं भोक फुटलेलं, बघ की. हे आपलं गाव, ऐन मल्लूल आहे." मग तिनं बोट दगडावरून खाली आणलं, सावकाश, पाखरांवर टेकवलं. "मग ह्या जागी तर महजूबा होती. महजूबा कुठाय?"

तेव्हा सटकला.

"अरे, कान! कान माझा आहे तो, विकायला नाही काढलेला!" बुऱ्हान ओरडला. खमैसनं तुरटीचा खडा दाबून धरला. पांढऱ्या फेसात लाल धागा उतरत होता. तो धागा बघून त्याला बरं वाटलं. निदान तेवढा वेळ दुसरीकडं बघायला काहीतरी होतं. "काही झालेलं नाही. रंगीत फरशी आहे, सरकारनं काढलेली. कबर तिकडं बाजूला आहे, फोटोत आलेली नाही," तो म्हणाला. आवाज चांगला निघाला. सवयीचा आवाज. पण बुऱ्हानला गप्प बसवेल असा वस्तरा अजून कुणी घडवलेला नाही. "अहो हाज्जा, मग चला की बघायला! महिन्याच्या पहिल्या रविवारी आपल्या लोकांना फुकट सोडतात तिथं. मी बस काढतो. तुम्ही पुढच्या सीटवर, राणीसारख्या." खमैस म्हणाला, तिचे गुडघे. बुऱ्हान म्हणाला, गुडघ्यांनी बस चालवायची नाहीये. म्हातारीनं डबा ठेवला नि कॅलेंडर खिळ्यावरून काढून काखेत मारून घेऊन गेली, जशी काही तिचीच वस्तू.

महजूबा म्हणजे खमैसची धाकटी बहीण. गोवर अंगातच जिरला आणि गेली, नुकती चालायला लागलेली. तेव्हा त्यांचं घर ऐन मल्लूलच्या जुन्या पडक्या दगडांतच होतं, सगळ्या गावाचं होतं. जुन्या काळच्या रोमी लोकांच्या खांबांना दोऱ्या बांधून कपडे वाळायचे, त्यांच्या देवळाच्या अर्धगोल भिंतीत खमैसची चूल होती आणि पाठीमागच्या उंचवट्यावर गावाचं कबरस्तान. महजूबाची कबर तिथं, वर चुन्याचा गिलावा आणि मधोमध वाटीएवढा खळगा, पाखरांना पाणी प्यायला, रीतीप्रमाणं. ईदच्या सकाळी अर्बिया भट्टी पेटवायची. पहिली भाकर महजूबाची. बडीशेप घातलेली, वर तेल, तेलावर मध. ती फडक्यात गुंडाळून कबरीवर जायची, खळग्यात पाणी, कडेनं भाकरीचा चुरा, उरलेली भाकर वाटेत भेटेल त्या गरिबाला. खमैसला मिळायची ती दुसरी. दुसरीला मध नसायचा. मध थोडाच असायचा घरात, तो गेलेलीच्या वाट्याला. मेलेलं पोर कधी खोटं बोलत नाही, भांडं फोडत नाही, शाळा बुडवत नाही. मेलेल्या पोराएवढं गुणी पोर जगात नाही. त्याचा पाय मोडला तेव्हा, पहिल्या दुकानाचं दिवाळं निघालं तेव्हा, पोरीचं लग्न फिसकटलं तेव्हा म्हातारी एकच वाक्य बोलायची, तेही त्याला नव्हे, भिंतीला. "महजूबा असती तर." पुढं काही नाही. पुढचं त्यानं स्वतः भरून घ्यायचं, आणि तो दर वेळी नवीन भरायचा. म्हातारीनं नुसती खुंटी ठोकून ठेवली होती. टांगायला त्याचं त्यानं.

मग सरकारनं गाव उठवलं, खाली सिमेंटच्या खोल्या दिल्या. कबरी तेवढ्या वर राहिल्या. बाप वारला, खमैस आईला घेऊन ट्यूनिसला आला, आईचे गुडघे गेले, आणि ईदची भाकर पोचवायचं काम त्याच्याकडं आलं. पहिल्या वर्षी तो खरंच गेला होता. वर चढला तर सरकारी खोदकाम चाललेलं, दोऱ्या ताणलेल्या, उंचवटा साफ खरवडलेला, पिशव्या, कुदळी, आणि टोपीवाला एक माणूस लहान ब्रशानं जमीन झाडतोय, आपण दाढीच्या फेसाला फिरवतो तसल्या ब्रशानं. कबरी? टोपीवाला म्हणाला, हाडं होती ती गोळा करून खाली नवीन गावात एका खड्ड्यात घातली. दवंडी दिली होती, ज्याचं त्यानं यावं म्हणून. खमैसला दवंडी पोचली नव्हती. का पोचली होती? चुलतभाऊ एकदा दुकानात येऊन काहीतरी म्हणाला होता खरा, आणि गिऱ्हाईक होतं, आणि रेडिओवर मॅच लागली होती. एका खड्ड्यात. सगळ्यांची एकत्र. तो तिथं उभा राहिला, हातात फडकं, फडक्यात अजून ऊबदार भाकर. रडू येईल असं वाटलं होतं. आली ती भूक. एका दगडावर, गाढवाच्याच दगडावर बसून त्यानं ती भाकर खाल्ली. मधाची. आयुष्यात पहिल्यांदा पहिली भाकर. चव अशी काय वेगळी नव्हती, आणि ह्याचाच त्याला जास्त राग आला. घरी आला तर म्हातारी दारात. "पाणी घातलंस?" "घातलं." झालं. इतकं सोपं. पुढच्या ईदपासून तो डोंगरापर्यंत जायचाही बंद झाला. शहराची वेस यायच्या आत बसमध्येच भाकर संपायची. मग वाटेतल्या गावात उतरून दिवसभर पत्ते, आणि परतताना रस्त्याकडेच्या तांबड्या मातीत बूट घासायचे, कारण म्हातारी तोंडाकडं नाही, बुटांकडं बघायची. "गिलावा केलास?" "केला." "पाखरं आली होती?" "आली होती." पाखरांचं तर तो रंगवून सांगायचा. एका वर्षी चिमण्या, एका वर्षी पारवे. म्हातारी ऐकताना डोळे मिटायची आणि तो तिच्या मिटल्या पापण्यांकडं बघत पाखरं वाढवत न्यायचा. त्यात एक मजा होती. वाईट मजा होती, पण दुखऱ्या दाताला जीभ लावावी तशी.

रविवारी बस भरली. सगळी त्याचीच गिऱ्हाइकं, त्यांच्या बायका, पोरं, हरीसाची तिखट चटणी लावलेले पाव, उकडलेली अंडी. बुऱ्हान कानाला पट्टी लावून उभा. "मंडळी, हा बघा, खमैसच्या हातचा शहीद!" लोक हसले. म्हातारी पुढच्या सीटवर, नवीन पांढरी सफसारी चादर अंगाभोवती घट्ट, मांडीवर फडकं. पहाटे गच्चीवरच्या भट्टीत तिनं भाकर केली होती. त्याला जाग आली ती बडीशेपेच्या वासानं. अख्ख्या वाटेत त्याला तोच वास. सांगून टाकावं? पण काय सांगणार? हाडं खड्ड्यात, हे एक वाक्य. भाकर मी खाल्ली, हे दुसरं. आणि ती पाखरं? गोष्ट एक असती तर सांगितली असती. एकेका ईदचं एकेक पाखरू, कुठलं आधी सोडायचं? बाहेर गव्हाची शेतं पळत होती. त्याला आठवलं, फोटोतल्या त्या फरशीला, पाखरांच्या खाली, एक खळगा होता. वाटीएवढा. आता तो नक्की होता का आपल्याला हवा म्हणून दिसतोय? होता. त्यानं डोळे मिटून फोटो परत परत बघितला. होता. आणि घाट चढता चढता त्याच्या डोक्यात ते आलं. एकदम, तयार, धार लावलेलं. आल्यावर त्याला घाम फुटला नाही, उलट हात गार पडले; कुणाच्या गळ्यावर वस्तरा टेकवताना पडतात तसे.

बस थांबली तशी बुऱ्हाननं सगळ्यांना दारापाशी गोळा केलं. सरकारची एक चुणचुणीत पोरगी छत्री वर करून माहिती सांगायला लागली. तेवढ्यात खमैसनं म्हातारीला दंडाला धरलं नि मागच्या पायवाटेनं वर काढलं. ह्या वाटेनं तो शेळ्या हाकायचा. आता तिथं बाण रंगवलेले, कचऱ्याचे डबे, आणि आपल्याच चुलीच्या जागी लोखंडी पाटी. त्याला पाटी वाचायची नव्हती. आपल्या घरात आपण तिकीट नसलेल्या पाहुण्यासारखे, असं काहीतरी मनात आलं, पण म्हातारीचा श्वास इतका मोठ्यानं लागला होता की त्याला दुसरं काही ऐकू येईना. देवळाची अर्धगोल भिंत ओलांडली, आणि समोर ती फरशी. फोटोपेक्षा लहान. अगदी पोराच्या मापाची. दोन पाखरं समोरासमोर, मध्ये मेणबत्त्या, भोवती गुलाब, वर परकी अक्षरं. आणि पायथ्याशी, दगडात, खळगा. होता. खमैसचा जीव भांड्यात पडला.

"ही बघ," तो म्हणाला.

म्हातारी उभी राहिली. मागं वळून तिनं तीन भोकांचा दगड बघितला, मग भिंत, मग परत खाली. पावलांनी नव्हे, नजरेनं अंतर मोजलं. जागा तीच होती. "इथं चुना होता," ती म्हणाली.

"चुना दरवर्षी गळून जायचा. मग मी हे करून घेतलं. रंगीत. पक्कं. तुला सांगितलं नाही, म्हटलं एकदा डोळ्यानंच बघेल."

"तू?"

"मीच."

"ही पाखरं तू सांगितलीस घालायला?"

"तिला आवडायची ना."

म्हातारी खाली बसली. गुडघे कडाकडा वाजले, तिनं लक्ष दिलं नाही. हात फिरवला पाखरांवर, गुलाबांवर, एकेका खड्यावर, कसल्यातरी उवा शोधाव्या तसा. आणि मग तिनं कधी केलं नव्हतं ते केलं. हात वर करून, न बघताच, त्याचा गाल चाचपला. "माझा खमैस," म्हणाली. बस्स, एवढंच. महजूबाच्या नावाशिवायचं, नुसतं त्याचं नाव. तो पन्नाशी उलटलेला माणूस तिथं नुसता उभा राहिला आणि त्याला वाटलं, आता हे खरं आहे. हे मी केलं. हा एकेक खडा मी बसवला. म्हातारीनं बाटलीतलं पाणी खळग्यात ओतलं. पाण्यानं खडे ओले झाले, पाखरांचे रंग एकदम जिवंत झाले. फडकं सोडून तिनं भाकरीचा तुकडा मोडला, चुरा कडेनं ठेवला. मध उन्हात चमकला.

"अहो आजी! पाणी नका टाकू! उठा तिथून!"

छत्री आली. छत्रीमागं सगळी गल्ली आली, अंडी सोलत, फोटो काढत. पोरगी तशी वाईट नव्हती, घाबरली होती. "हाज्जा, खराब होतं ते. जुनं आहे फार."

"जुनं कुठलं? माझ्या लेकीची कबर आहे," म्हातारी म्हणाली. आणि मान ताठ करून, गल्लीला ऐकू जाईल असं, "माझ्या पोरानं बांधली. खमैसनं. तुम्ही समजता नुसता दाढ्याच करतो!"

आधी कुणी हसलं नाही. मग एक पोर हसलं, मग त्या पोराची आई, तोंडावर पदर घेऊन. छत्रीवाली खाली वाकून म्हातारीच्या खांद्यावर हात ठेवून समजावणीनं सांगू लागली, आणि समजावणीमुळं ते जास्तच वाईट झालं. "हाज्जा, ही एका ख्रिस्ती बाळाची कबर आहे. पंधराशे वर्षांपूर्वीची. त्याचे आईबाप पण खळग्यात पाणी नि भाकर ठेवायचे, तुमच्यासारखंच. वरती गावातली थोडी अलीकडची थडगी होती, ती काढून टाकली तेव्हा ही सापडली."

"काढून टाकली," म्हातारी म्हणाली.

"हो. हाडं न्यायला कुणी आलंच नाही म्हणतात."

आता सगळे खमैसकडं बघत होते. ही सगळी तोंडं त्याच्या ओळखीची, प्रत्येकाचा तीळ, प्रत्येकाचा व्रण त्याच्या बोटांना पाठ. आरशात ती कायम त्याच्याकडं मान वर करून, गळा मोकळा टाकून बघायची. अशी समोरून कधी बघितली नव्हती. बुऱ्हाननं कानाची पट्टी चाचपली. "काय रे खमैस, पंधराशे वर्षांपूर्वीपासून गवंडीकाम करतोस? तरीच हात थरथरतो!" आता मात्र सगळे हसले, पोटभर हसले. म्हातारी हसली नाही. खालूनच त्याच्याकडं बघत होती, वाट बघत होती. एक शब्द पुरला असता. हो, मी खोटं बोललो, एवढं म्हटलं असतं तर हसू त्याच्यावर आलं असतं, आठवडाभर दुकानात टिकलं असतं, आणि संपलं असतं. खमैसनं ओठ उघडले. म्हातारीच्या बोटाला मध लागलेला त्याला दिसला. मग त्यानं हात उचलला, आपल्या कानशिलावर दोन बोटं ठेवून हळूच फिरवली, आणि लोकांकडं बघून डोळा बारीक केला.

"मनावर घेऊ नका," तो म्हणाला. "डोकं गेलंय तिचं. काही पण बोलते हल्ली. मी कशाला कबर बांधतोय?"

"हात्तिच्या," कुणीतरी म्हणालं. बायका च्-च् करायला लागल्या. हसू जिथल्या तिथं विरलं, त्याची माया झाली. दोघी पुढं होऊन म्हातारीला काखेत हात घालून उठवू लागल्या. "या हाज्जा, सावलीत बसा." "ऊन लागलंय हो." लहान पोराशी बोलतात तसं, मोठ्यानं, सावकाश. बुऱ्हानसुद्धा खजील झाला. "आधी बोलायचं नाहीस का भाऊ," खमैसच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "माझी आत्याही अशीच गेली." म्हातारी दोघींच्या मध्ये लोंबकळत उतरली. खमैसच्या जवळून जाताना तिनं त्याच्याकडं बघितलं नाही. बुटांकडं बघितलं. तांबडी माती लागली होती बुटांना, खरोखरची, पहिल्या ईदनंतर पहिल्यांदा. मागं वळला तर खळग्यावर दोन चिमण्या उतरल्या होत्या आणि भाकरीचा चुरा टिपत होत्या. त्या त्यानं कुणाला सांगितल्या नाहीत.

परतीच्या बसमध्ये त्या बायकांनी म्हातारीला मुद्दाम त्याच्याशेजारी आणून बसवलं, खिडकीपाशी, सांभाळायला. कुणी सरबत दिलं, कुणी शाल. पाठीमागं गाणी सुरू झाली. खमैसनं मनाशी हिशेब जुळवून ठेवला होता. घरी गेल्यावर पाया पडायचं. रडायचं. लागलं तर मार खायचा, लहानपणी खायचो तसा. नवीन गावातला तो खड्डा शोधून काढायचा, चुना लावायचा. म्हातारी आहे, आई आहे, किती दिवस धरून ठेवणार? घाट उतरेपर्यंत त्याला जवळजवळ झोप लागली होती.

"तुम्ही कुणाचे, बाबा?"

त्यानं डोळे उघडले. म्हातारी त्याच्याकडं बघत होती, अदबीनं, शेजारच्या परक्या प्रवाशाकडं बघावं तशी.

"उम्मी, असं काय करतेस? मी खमैस."

"खमैस माझा मुलगा," ती म्हणाली. "न्हावी आहे. फार भला माणूस. बहिणीची कबर बांधली त्यानं. रंगीत दगडांची, वर पाखरं."

त्यानं तिच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधलं. खोटं बोलताना तिची डावी पापणी उडायची. बापाला चुकवून मध काढून ठेवायची तेव्हा उडायची, त्यालाच तेवढं ठाऊक होतं. खिडकीतून तिरपं ऊन आत आलं होतं आणि दोन्ही पापण्या सारख्याच मिचमिचत होत्या. "उम्मी," तो कुजबुजला, "माझ्याकडं बघ. मी चुकलो." ती ऐकून घेत होती, मान हलवत होती, कुणी आपल्या गावच्या गोष्टी सांगतंय तसं. मग तिनं मांडीवरचं फडकं सोडलं. मोडलेली भाकर बाहेर काढली आणि त्याच्या हातात दिली.

"खा बाबा. त्याला पण हीच आवडते. दर ईदला लेकीच्या वाटची भाकर देते मी त्याच्याजवळ, आणि तो खातो. कोट धुताना खिशात बडीशेप सापडते मला. मी कधी बोलले नाही. म्हटलं, बसत असेल तिच्याजवळ. दोघं भावंडं मिळून खात असतील."

"काय म्हणतात रे हाज्जा?" पुढच्या सीटवरून बुऱ्हान वळला.

खमैसच्या हातात भाकर होती. मध फडक्याला पुसला गेला होता, नुसता चिकटपणा उरला होता. "काही नाही," तो म्हणाला. "काही पण बोलते."

"खाऊ दे की त्यांच्या हातचं. मन मोडू नकोस म्हातारीचं."

त्यानं घास घेतला. भाकर सकाळची, कडक झालेली. बडीशेप दाताखाली आली. म्हातारी त्याच्या तोंडाकडं बघत राहिली, घास घशाखाली उतरेपर्यंत, आणि उतरल्यावर दुसऱ्या घासाची वाट बघत राहिली, शेवटच्या तुकड्यापर्यंत. मग फडकं झटकून, चौकोनी घडी घालून तिनं कमरेला खोचलं, आणि खिडकीकडं तोंड फिरवता फिरवता म्हणाली, "अल्ला तुमचं भलं करो. तुम्हाला कुठं उतरायचंय?"